ताईच्या हाताची मापं

४ फेब्रुवारी १९६७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी मापं मिळाली. गिरणीच्या कापडासाठी स्वतःच काढलेले पंचवीस जुने नक्षीकागद पट्टी घेऊन मोजलेस, धन्य आहेस. वर्षभर मी आमच्या कॉम्प्युटरला चौकोन काढायला लावतोय, पण सगळे कसे इस्त्री केलेले. तुझा हात मात्र दर सातव्या रेघेला किंचित डावीकडे कलतो, हे तुझं तुलाही ठाऊक नव्हतं. तेवढं आकड्यांत बसवलं, कॉम्प्युटरला वाचता यावं म्हणून कार्डांवर छिद्रं पाडली, आणि काल यंत्राच्या पेनाने असा कागद काढला की आमचे साहेबही म्हणाले, हे माणसाचंच काम. पुढच्या महिन्यात या कागदांचं प्रदर्शन आहे. आढेवेढे न घेता ये.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा, ठोंब्या

२० एप्रिल

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

प्रदर्शनाला आले नाही, रुसू नकोस. आमच्या कापडगिरणीचे मॅनेजर मात्र आले होते. तुमच्याकडून बारा नमुने आणले, माझ्या टेबलावर मांडले आणि विचारलं, हातचे वाटतात की नाही. मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू? नक्षी काढणाऱ्या आम्ही चौघी, त्यातल्या तिघींना घरी बसवलं. मला ठेवलंय. यंत्राचे कागद तपासायचे, हातचे वाटतील त्यांवर सही करायची. तुझा खोकला कसा आहे? काढा घेत जा.

आठवण ठेवतोस, तशीच ठेव.
तुझी ताई

२७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, लगेच लिहायला बसलो. नमुने मीच दिले, तुझ्याच गिरणीत जाताहेत हे माहीत असून. वाटलं, तुझं काम हलकं होईल. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय. नुसतं हो म्हण, ती कार्डं फाडून टाकतो. आणि रागाव तरी. चार शिव्या घाल.

तुझ्या पायाशी जागा असू दे.
ठोंब्या

९ मे

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

कार्डं फाडू नकोस, वर्षाची मेहनत आहे. तुझ्यावर रागवावं म्हणून बसले होते, पण राग काही येत नाही. रडूही नाही. जेवते, झोपते, सह्या करते.

सोमवारी काम लवकर आटोपलं म्हणून एक नक्षी काढायला घेतली. सातवी रेघ आली की हात थबकतो. आता कलायचं, हे आधीच कळतं. मग कधी जास्त कलतो, कधी सरळच जातो. तरी कागद पुरा केला आणि यंत्राच्या कागदांच्या गठ्ठ्यात ठेवून बाकीच्यांसारखाच तपासला. हातचा वाटला नाही. सही केली नाही.

तब्येतीला जप, पत्र धाडत राहा.
तुझी ताई