मागच्या सीटवरचं गिऱ्हाईक

ताईस,
धाकट्याचा नमस्कार. हाताच्या पट्टीचा फोटो पाहून घाबरू नकोस. टाके सुकलेत, जेवणही नीट चाललंय. आईचे गुडघे कसे आहेत?

आमच्या शोरूममध्ये लांबच्या प्रवासाची नवी मोटरसायकल आलीय. मधल्या ताकदीची, पुढे उंच काच, आणि कितीही जोरात ब्रेक दाबला तरी चाक घसरत नाही. ती दाखवायला एका गिऱ्हाइकाला मागे बसवून निघालो. मोकळ्या रस्त्यावर त्याने माझ्या गळ्याला सुरा लावला.

"गाडी थांबव आणि उतर!"

मी करकचून ब्रेक दाबला. गाडी सरळ उभी राहिली. तो माझ्या खांद्यावरून पुढे उडून तोंडावर आपटला. जाताना सुरा माझ्या हाताला लागला.

आईला इथपर्यंतच सांग.

तो उठत नव्हता, तरी मी हेल्मेट काढून त्याच्या तोंडावर मारत राहिलो. दात तुटल्याचं ऐकू आलं, तरी थांबलो नाही. शेवटी एका ट्रकवाल्याने मला मागे खेचलं. "अरे, मरेल तो!"

इथे सगळे मला शाबासकी देतात. काल दवाखान्यात त्याला बघायला गेलो, तर दारावरच्या पोलिसानेही पाठ थोपटून आत सोडलं. त्याचा जबडा तारेने बांधलाय. उशाशी त्याची आई होती.

"तू याचा मित्र का रे?"

माझ्या तोंडून हो निघून गेलं.

"मग जरा पाणी पाज बाबा. माझा हात कापतो."

मी चमचा त्याच्या ओठांशी नेला. त्याने डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तुझाच,
धाकटा