मामाच्या डाव्या हातातला मोजा

४ ऑगस्ट, सकाळी ९
मामा घरी आला. आठ दिवस हॉस्पिटलात होता. स्ट्रोक. मेंदूत रक्ताची गुठळी, उजवा हात लुळा, बोलणं अडखळत. कारण? बीपीच्या गोळ्या. 'आता बरं वाटतंय' म्हणून पठ्ठ्याने परस्पर बंद केल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. आम्ही पोचलो सहा तासांनी. घड्याळदुरुस्तीचं दुकान, भिंतीवर चाळीस घड्याळं, आणि वेळ कुणी बघितली नाही!

मामीचं म्हणणं, दुकानात तू होतास ना? होतो. पण मी कॉलेज अर्ध्यात सोडलं यावरून आमचं वाजलं होतं, आणि तेवढ्यात मामा तोंड वाकडं करून काहीतरी बरळला. मला वाटलं वेडावतोय. डोकं फिरलं, तडक निघालो. कुणीही निघाला असता.

६ ऑगस्ट
आजपासून घरी फिजिओ येते. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. चालेल.

तिने मामाच्या चांगल्या, म्हणजे डाव्या हातावर जाड मोजा चढवला. रोज सहा तास. जेवण, बटणं, कंगवा, सगळं अधू उजव्या हाताने करायचं. तरच मेंदू तो हात पुन्हा शिकतो म्हणे. मामाचा हात आला तरच दुकान उघडणार. जाताना मला म्हणाली, तुम्ही जरा लक्ष ठेवा. 'तुम्ही'नंतर किंचित थांबली. मी नोंद घेतली.

संकल्प: मामाची अशी सेवा करायची की तिने बघत राहावं. सिगरेट बंद.

९ ऑगस्ट
मामाचा घास तोंडापर्यंत पोचेना. शर्टभर सांडलं. मला बघवेना. मी भरवलं. बटणं लावली, भांग पाडला, दातसुद्धा घासून दिले. मामा पहिल्यांदाच स्पष्ट बोलला: गाढवा. वाचा सुधारतेय. फिजिओला लगेच मेसेज केला. उत्तर नाही. बिझी असणार.

सिगरेट एकच. भावनेच्या भरात.

१६ ऑगस्ट
फिजिओ म्हणाली, हात तसूभरही सुधारलेला नाही, असं कसं? मी छातीठोकपणे सांगितलं, मोजा सहा काय, दहा तास घालतो. बाकी सगळं मी करतो हे विनयाने सांगितलं नाही. ती गेल्यावर मामी म्हणाली, असंच राहिलं तर दुकान विकावं लागेल रे. मनात आलं, हात हळूहळू सुधारला तर फिजिओ जास्त दिवस येईल. विचार लगेच झटकला. जवळजवळ लगेच.

२० ऑगस्ट
फिजिओ अर्धा तास लवकर आली. मामा राजासारखा बसलेला, मी बटणं लावतोय. नशीब म्हणतात ते हेच! तिने विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून.

ती भडकली. म्हणाली, सुरुवातीचे आठवडे सगळ्यात मोलाचे असतात, ते तुम्ही वाया घालवलेत. सगळं काम तुम्ही करणार, मग मेंदू कुणाचा शिकणार? तुमचा? मामी म्हणाली, छे गं ताई, त्याचा शिकला असता तर कॉलेज कशाला सुटलं असतं?

मग मीही भडकलो. ऊर फुटेस्तोवर बोललो. तिने शांतपणे माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. १५०/९६. वय बावीस. तिने दंड धरलाय म्हटल्यावर दुसरं काय होणार? म्हणाली, सिगरेट, खारट खाणं, हा राग. मामांच्याच वाटेवर आहात, डॉक्टरांना दाखवा. माझी काळजी करते! शेवटी हुकूम: दहा दिवस मावशीकडे जा. विरहाची परीक्षा घेतेय.

डॉक्टर नंतर बघू.

३१ ऑगस्ट, दुपारी ४
परतलो. मामाने स्वतः शर्ट घातलेला. बटणं एक घर चुकलेली, पण लागलेली. फिजिओसमोर त्याने उजव्या हाताने चिमटा धरला, गजराच्या घड्याळाचा बारका स्क्रू उचलला. पडला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा बसला. मामीने पदर डोळ्यांना लावला. माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. फिजिओ म्हणाली, शाब्बास! मी थँक्यू म्हटलं. ते मामाला होतं.

मग तिने कागद-पेन दिलं. म्हणाली, मनात येईल ते लिहा. मामा जीभ दातांत धरून पाच मिनिटं लिहीत होता. तिने मोठ्याने वाचलं:

'भाच्याला अजून दोन महिने मावशीकडे ठेवा.'

ती माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली.

अक्षर सुवाच्य आहे. एक कानाही सुटलेला नाही. बॅग अजून उघडलीच नव्हती.