कापसाला भिणारा कंपाउंडर

तीर्थस्वरूप वहिनींच्या पायांशी धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातला असता, पण हल्ली मी खाली गेलो की वर यायला दोन माणसं आणि एक खुर्ची लागते. तेव्हा कागदावरचाच पोचला असं मानून घ्यावं.) आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तुम्हीही तिकडे बऱ्या असाल असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण ते माझ्याच्याने लिहवत नाही. फोनवर विचारलं की तुम्ही "मी ठणठणीत आहे, तू जेवलास का?" एवढं म्हणून फोन ठेवता. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई मात्र हिला सांगत होत्या की मागच्या महिन्यात तुम्ही जिन्यात घसरलात आणि पंधरा दिवस भिंत धरून चालत होतात. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. फोन तुम्ही मध्येच ठेवता, पत्र मात्र शेवटच्या टिंबापर्यंत वाचता.

अक्षर वाकडंतिकडं वाटलं तर कागदाला दोष देऊ नये. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला आहे. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, आणि ते करून घ्यायला मी तीन महिने टाळाटाळ करतो आहे. का, ते जगात फक्त दोन माणसांना कळेल. एक ही आणि दुसऱ्या तुम्ही. होय वहिनी, तेच. कापूस.

सापाला, अंधाराला, भुताला भिणाऱ्या माणसाला समाजात थोडा तरी मान असतो. भूत दिसलं म्हटलं की लोक जवळ सरकून बसतात, कोणी चहा आणून देतं. मी कापसाला भितो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग खिशात कापूस घालून येतात. त्यांना कसं सांगावं की तो बोटांत दाबला की आतल्या आत करकरतो, आणि ती करकर माझ्या दातांतून निघून मानेवरून थेट टाचेपर्यंत जाते. वाघ निदान डरकाळी फोडून येतो. हा मेला गुपचूप, पांढरा, मऊ होऊन बसलेला असतो. लहानपणी सगळी भावंडं मला घेरून कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का म्हणून विचारायची. हो म्हटलं तरी तेच, नाही म्हटलं तरी तेच, आणि रडायला लागलो तर "रडतोस काय, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का?" दादाने तर माझं नावच कापूसकोंड्या ठेवलं होतं. (त्याच्यावर राग नाही. तो गेला त्या दिवसापासून मला त्या नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नाही, आणि तेही आता चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.)

तुम्ही घरात येऊन दहाएक दिवस झाले असतील. मी नऊ वर्षांचा. गुडघा फोडून घरी आलो, आई औषधात बुडवलेला कापसाचा बोळा घेऊन पुढे झाली आणि मी कपाटावर चढून बसलो. खाली सगळं घर जमलं. कोणी दम देतंय, कोणी खाऊचं आमिष दाखवतंय, काका तर पाय धरून ओढायला निघाले होते. तुम्ही नव्या, कोपऱ्यात उभ्या. कोणाच्या मध्ये बोलायची तुमची टाप नव्हती, तरी पुढे आलात, मान वर केलीत आणि मला विचारलंत, "आवाजाचा त्रास होतो, की हात लागल्याचा?"

वहिनी, नऊ वर्षांत मला तो प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. मी म्हटलं, दोन्हीचा. तुम्ही बरं म्हणालात, जुन्या चादरीचा तुकडा फाडलात, उकळत्या पाण्यातून काढलात आणि मी कपाटावर बसल्या बसल्याच गुडघा बांधलात. पुढच्या आठवड्यात माझी उशी जरा जड लागायला लागली. आतला कापूस काढून तुम्ही चिंध्या भरल्या होत्या. त्याबद्दल तेव्हा एक शब्द तुम्ही बोलला नाहीत, मीही नाही. आज सत्तावन्न वर्षांनी बोलतो. त्या उशीवर मला जी झोप लागली, तशी झोप राजालाही लागत नसेल, कारण राजाची उशी कापसाचीच असणार.

आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसाने दवाखान्यात नोकरी धरावी तरी कशी. चूक माझीच. जुन्या बाजारातून औषधांची पुस्तकं आणून, शब्दाला शब्द लावून मी शिकलो. पुस्तकात अर्क होते, चूर्णं होती, मापं होती. कापसाचा धडा नव्हता. पहिल्या दिवशी थोरल्या डॉक्टरांनी जखम बांधायला सांगितली आणि टेबलावर बघतो तर काय, काचेची ही एवढी बरणी, आणि आत तो, गळ्यापर्यंत भरलेला. पळून जायचं तर रोगी दारात आडवा बसलेला. तेवढ्यात कपाटावरचा मी आठवलो आणि खालच्या तुम्ही आठवलात. गॉजचा, म्हणजे जखमेवर ठेवायच्या जाळीदार कापडाचा, गठ्ठा शेजारीच होता. त्याचे चौकोन कापले, चार घड्या घातल्या आणि पुसण्यापासून बांधण्यापर्यंत सगळं त्यावरच भागवलं. (गॉजही कापसाचंच असतं हे मला ठाऊक आहे. पण तो शाळेत जाऊन आलेला कापूस. त्याला उभं-आडवं वळण असतं. मोकळ्या कापसाला कोणाचाच धाक नाही.)

गंमत अशी की लोकांना ते आवडलं. जखमेला तंतू चिकटत नाहीत, पट्टी सोडताना ओरडावं लागत नाही. कंपाउंडरांचा हात हलका, अशी कीर्ती झाली. ती इतकी पसरली की आमच्या कंपाउंडर मंडळींनी माझा सत्कार ठरवला. विषय, "घडीच्या पट्टीची नवी पद्धत". मी भित्रेपणाला पद्धत म्हणून मिरवत व्यासपीठावर बसलो. भाषण बरं झालं. मग अध्यक्षांनी, हे एक नावाजलेले निवृत्त सर्जन होते, माझ्या हातात एक पेटी ठेवली आणि सगळ्यांसमोर उघडा म्हणाले. उघडली. आत काचेचा सुंदर खल होता. आणि तो फुटू नये म्हणून चारी बाजूंनी काय भरलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. माझी बोटं थेट त्यात गेली.

पेटी मी टाकली असं म्हणणं बरोबर होणार नाही. ती उडाली. ती थेट अध्यक्षांच्या मांडीवर जाऊन बसली, खलासकट, कापसासकट. सभागृह गार. माझ्या तोंडातून निघालं ते असं, की हा मान माझा नाही, आपल्यासारख्यांच्या मार्गदर्शनाचा आहे, म्हणून तो मी आपल्याच ओटीत घालतो. टाळ्या इतका वेळ वाजल्या की अध्यक्षांना डोळे पुसावे लागले. नम्रतेसाठी माझं नाव झालं. खल त्यांच्या घरी गेला तो गेलाच.

घरात मात्र माझी नम्रता चालली नाही. गोळ्यांच्या नव्या बाटलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा असतो, म्हणून लग्नानंतर मी प्रत्येक बाटली हिच्याकडे द्यायचो, तुझ्या हाताने उघडली की गुण येतो म्हणायचो. अकरा वर्षं मला वाटत होतं, काय हुशारीने निभावलं. बाराव्या वर्षी कळलं की हिला चौथ्या दिवशीच समजलं होतं, आणि सांगितलं होतं तुम्ही. म्हणजे माझ्या पाठीमागे तुम्ही दोघींनी मला सांभाळायची वाटणी करून घेतली होती. माणसाने एवढी वर्षं जिवाला घाबरून काढावी आणि मागे वळून बघावं तर दोन बायका दोन्ही बाजूंनी हात धरून चालवत होत्या, असं दिसावं. माझ्याइतका नशीबवान भित्रा मी तरी पाहिला नाही.

आता डोळ्याचं सांगतो. सुरुवात हसण्यावारी गेली. दवाखान्यातल्या खुंटीवरच्या कोटाला मी बसा म्हणालो आणि पाच मिनिटं त्याला पथ्य समजावलं. (कोटाने ऐकून घेतलं. रोगी एवढं ऐकत नाहीत.) पण परवा परवा आमच्या म्हाताऱ्या पोस्टमनला मी खोकल्याच्या औषधाऐवजी सांध्यांना चोळायचं औषध बाटलीत भरून दिलं. त्याने बूच काढून वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "कंपाउंडर, हे प्यायचं की चोळायचं?" त्याला वास आला म्हणून वाचलो. चव्वेचाळीस वर्षांत पहिली चूक, आणि ती पहिलीच शेवटची ठरली असती. आताच्या डॉक्टरीणबाई म्हणजे थोरल्या डॉक्टरांची मुलगी, लहानपणी मीच तिला गोळ्यांच्या डब्या वाजवून गप्प करायचो. ती रागावली नाही. माझ्या हातातून औषधांच्या कपाटाची किल्ली काढून घेतली आणि म्हणाली, "काका, डोळा करून या. तोवर ही माझ्याकडे." तेव्हापासून मी आमच्याच दवाखान्यात रोग्यांच्या बाकावर बसून नंबर पुकारतो. ऑपरेशन झालं नाही तर ती किल्ली मला पुन्हा मिळायची नाही. मिळूही नये. पण वहिनी, त्या कपाटाशिवाय मला माझे हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

म्हणून मन घट्ट करून डोळ्यांच्या इस्पितळात गेलो. त्यांनी दाराशी चपला काढायला लावल्या, रबराच्या दिल्या, फाईल हातात दिली आणि एका लांब खोलीत बसवलं. समोरच्या भिंतीला ओळीने बाराजण बसले होते, आदल्या दिवशी ऑपरेशन झालेले. बाराहीजणांच्या एकेका डोळ्यावर पांढराशुभ्र जाड गोळा. बारा गोळे माझ्याकडे बघत होते. मी शौचालय कुठे आहे असं विचारलं, त्यांनी डावीकडे दाखवलं, मी उजवीकडे गेलो आणि घरी येऊनच थांबलो. पायात इस्पितळाच्या चपला, एक निळी, एक हिरवी, आणि काखेत त्यांची फाईल. हिने दार उघडलं, चपलांकडे बघितलं आणि काही न विचारता चहा टाकला.

तर असं आहे. रडगाणं गायला हे पत्र लिहिलेलं नाही. रात्रंदिवस मनात येतं की त्या दिवशी तुम्ही तो प्रश्न विचारला नसता, तर मी आयुष्यभर कपाटावरच बसून राहिलो असतो. जी नोकरी मिळाली, जे नाव झालं, जे लोक आजही दवाखान्यात आल्यावर आधी माझा हात हातात घेतात, ते सगळं तुम्ही फाडलेल्या चादरीतून निघालं. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, कारण घरच्या माणसाचे आभार मानायचे नसतात असं आपल्याला शिकवलेलं. ते शिकवणारे आता कोणी उरले नाहीत, म्हणून धीर केला.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद असं शेवटी लिहावं, तर तुमच्या घरी तुमच्याहून मोठं कोणी नाही आणि लहानही कोणी राहिलं नाही. म्हणून सगळेच नमस्कार तुम्हाला.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. : लिहायचं राहिलंच. ऑपरेशन येत्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठरलं आहे. डोळ्यावर गोळा ठेवतील तेव्हा शेजारी तुम्ही असलात तर मी पळणार नाही. हिचा मला धाक आहे, पण धाकाने मी पळतो. तुमच्यासमोर मात्र मी कधी पळालो नाही. चार दिवस याल का? नाही म्हटलंत तर ऑपरेशन रद्द, डोळा रद्द, किल्ली रद्द. जबाबदारी तुमची.

ता. क. दुसरा : वरचं वाचून ही माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली आहे आणि वहिनींना खरं काय ते लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नाही. तर खरं असं. चपला परत करायला मी दुसऱ्याच दिवशी इस्पितळात गेलो होतो. तिथल्या नर्सबाईंनी डोळ्यावरच्या त्या गोळ्यांसारखा एक गोळा माझ्या हातावर ठेवला. गॉज होतं. चार घड्यांचं. मी चव्वेचाळीस वर्षं घालतो तसलीच घडी, उलट माझी जास्त नीट असते. कापूस त्या डोळ्याच्या आसपासही येणार नाही. हे मला तेव्हापासून माहीत आहे, आणि तारीख मी त्याच दिवशी, न घाबरता, स्वतःच्या हाताने लिहून दिली.

मग एवढं पुराण कशाला, असं विचाराल. दादा गेल्यापासून "आमच्याकडे या" असं आम्ही तुम्हाला पाच वेळा म्हटलं, पाचही वेळा तुम्ही "बघू पुढे" म्हणालात. तुमच्या स्वतःसाठी तुम्ही उंबरठासुद्धा ओलांडत नाही. जिन्यात पडलात तरी कळवलं नाहीत. पण कोणी घाबरून वर चढून बसलं आहे असं कळलं, की तुम्हाला राहवत नाही. दुसरा मार्ग मला सुचला नाही.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन वीस मिनिटांचं. वीस मिनिटांसाठी एवढ्या लांब कोणी येत नाही, वहिनी. राहायलाच या.