फोडलेले तीन पाये

कुळगाव, बदलापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

"तायडे, खड्ड्यात उतरायचं नाही. तू कडेला बस आणि वाच." मी सात वर्षांची होते तेव्हा तू म्हणाला होतास. बाबा गेले, तू शाळा सोडून पाये खणायला लागलास आणि मला रेतीच्या ढिगावर बसवून पुस्तक हातात दिलंस. तिथून मी इंजिनियर झाले.

इकडे सगळे बरे आहेत. आमच्या पायलची परीक्षा चालू आहे. परवा वहिनींना फोन केला, तर म्हणाल्या, "ते म्हणतात, मॅडमना सांग, राँग नंबर." मी हसले. नंतर भाजी करपली.

अंबरनाथच्या शेडचे ते तीन पाये सोमवारी फोडले. तुझ्या टोळीने भरलेले. ब्रेकर चालू होता तोवर मी तिथून हलले नाही.

आमच्या कंपनीचे विनीत साहेब म्हणाले होते, "मॅडम, वर माती ओढून टाका. जमिनीखाली कोण बघतंय? त्यात सख्ख्या भावाचं काम."

मी म्हटलं, "सर, एवढी मोठी शेड, मधे एक खांब नाही. पत्रा हलका. वारा आत घुसला की अख्खं छप्पर वर उचलायला बघणार. त्याला खाली धरून ठेवणार ते या पायांतले बोल्ट. काँक्रीट भुसभुशीत असेल तर ते हलत्या दातासारखे उपटून येतील. आणि खाली दोनशे माणसं असतील."

पाये फोडायचं ठरलं त्या संध्याकाळी तू घरात सगळ्यांसमोर विचारलंस, "याच्यासाठी शिकवलं का तुला?" त्याचं उत्तर आता लिहिते. हो दादा, याच्यासाठीच.

पण एक राहिलंय. पाये भरले त्या दिवशी काँक्रीटची मिक्सर गाडी कॅम्प चारच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकली होती. आली तेव्हा माल घट्ट व्हायला लागला होता. तो सैल करायला तू पाण्याचा पाइप आत सोडलास आणि माझ्याकडे पाहिलंस. जास्त पाण्याने काँक्रीट कच्चं राहतं, हे दोघांनाही माहीत होतं. मी गेटपाशी चहा पीत होते. 'गाडी परत पाठवा' एवढंच म्हणायचं होतं. मी ग्लासात बघत राहिले. तुझ्या माणसांसमोर तुला कसं अडवू, असं वाटलं. सात दिवसांनी त्या मालाचे नमुन्याचे ठोकळे तपासले, तर निम्म्या दाबातच फुटले. मग ग्लासात बघून चालणार नव्हतं.

रिपोर्टात तेही लिहिलंय. 'पाणी घातलं तेव्हा मी हजर होते, अडवलं नाही.' खाली माझी सही. मलाही मेमो आलाय. पाये फोडल्याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. त्या दिवशी गप्प बसले, त्याची मागते.

गुरुवारी सकाळी सातला ते तीन पाये पुन्हा भरायचे आहेत. माणसं दुसरी आहेत. तू ये. काम करू नकोस, कोणाशी बोलू नकोस, माझ्याशीही नको. कडेला खुर्ची ठेवते, तिथे बस. या खेपेला खड्ड्यात मी उतरणार आहे.

तू नाहीच म्हणशील, मला माहीत आहे. खुर्ची ठेवणारच.

तू शिकवलेली,
तायडी