राखून ठेवलेला साक्षीदार

५ जानेवारी, सकाळी
गुन्हा घडला त्या सकाळी मी चादरी पिळत होते. नळवाला ओट्याखाली उताणा पडून गंजलेल्या नटाला शिव्या घालत होता आणि माझा मुलगा टॉर्च धरून हसत होता. नेमकं त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला एक दुकान फुटलं, राखणदाराचं डोकं फुटलं, आणि शिक्षा माझ्या मुलाला झाली. मी साक्ष दिली. आईच ती, दुसरं काय म्हणणार, असं झालं. नळवाला तोवर कामासाठी कुठे निघून गेला होता, पत्ता नव्हता. निकालानंतर मुलाचे वडीलही फार टिकले नाहीत. पलंगाची त्यांची बाजू मी अजून झटकते.
काल नळवाला सापडला. कोर्टात येऊन सांगतो म्हणाला.

९ जानेवारी
वकीलसाहेब फेरअर्ज करताहेत. मुद्दा, ओळखपरेड चुकीची झाली. भक्कम. त्यांनी विचारलं, आणखी काही असेल तर आत्ताच सांगा. मी नाही म्हटलं. सगळा डबा एकदम पालथा करणाऱ्या बाईचा संसार होत नाही. तळाशी मूठभर राहिलंच पाहिजे. हा अर्ज फेटाळला गेलाच तर नळवाला आहे.
मुलालाही सांगितलं नाही. आनंदाच्या भरात चार जणांना सांगेल.

१५ जानेवारी
वाचनालयातून कायद्याचं जाड पुस्तक आणलं. रोज वीस पानं, हा संकल्प. शाळा सुटली तरी माझं वाचन सुटलं नाही. मुदतींचं प्रकरण फार रुक्ष आहे. शेवटी वाचीन.

४ जून
अर्ज फेटाळला. वकीलसाहेबांचा चेहरा पडला होता. मीच त्यांना चहा पाजला. मला काळजी नाही.
रात्री जेवले नाही. भूक नव्हती, एवढंच.

२० जून
नणंदेला नळवाल्याचं सांगून बसले. ती म्हणाली, वहिनी, साक्षीदार म्हणजे काय पाहुण्यांची चादर आहे, घडी घालून कपाटात ठेवायला? तिला कायद्यातलं काय कळतं!

११ ऑक्टोबर
नळवाल्याचा फोन. मावशी, येऊ कधी? म्हटलं, कळवते. आत्ताचे न्यायाधीश कडक आहेत. पुढच्या वर्षी बदलतील, असं कोर्टातला शिपाई म्हणाला. घाईने दाणे पेरून पीक येत नाही.
पुस्तक, पान ६२.

१८ मार्च
न्यायाधीश बदलले. वकीलही बदलले. आता वकीलबाई आहेत, माझ्या मुलाच्या वयाच्या. नळवाल्याचं ऐकून आधी खूश झाल्या. मग विचारलं, सापडला कधी? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.
म्हणाल्या, नवा पुरावा कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज लागतो. ते वर्ष गेलं. शिवाय पहिल्या अर्जात मांडता येत होतं आणि मांडलं नाही, ते तुम्ही सोडून दिलं असं धरतात. मी म्हटलं, सोडलं कुठे? राखून ठेवलं. त्या म्हणाल्या, मावशी, कोर्टाला या दोन्हींत फरक दिसत नाही.
तरी अर्ज करू म्हणाल्या. मुलाने न वाचताच सही केली. माझ्यावर विश्वास आहे त्याचा.

१९ मार्च
मुदतींचं प्रकरण वाचलं. सगळं लिहिलेलं आहे. छापणाऱ्यांनी ते पुढे घ्यायला हवं होतं.

२ ऑगस्ट, संध्याकाळी
सुनावणी झाली. नळवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला, बाकावर ताठ बसला. त्याला कुणी उठवलंच नाही. नवे न्यायाधीश मृदू बोलले. म्हणाले, हा माणूस खरं सांगतो की खोटं, त्या प्रश्नापर्यंत आम्ही पोचतच नाही. दार आधीच बंद झालं आहे. अर्ज नामंजूर.
जिन्यात नळवाला म्हणाला, मावशी, मला कुणी विचारलंच नाही हो. वकीलबाई भिंतीकडे बघत राहिल्या.
वरचं कोर्ट असेलच. पुस्तकात बघायला हवं. आज नको.

४ ऑगस्ट
काल तुरुंगात भेटीचा दिवस होता. गेले. रांग मोठी होती. मुलगा बारीक झालाय. अर्जाचं विचारलं त्याने. नाही झालं, म्हटलं. मग म्हणाला, आई, तो नळवाला सापडला असता तर.
मी म्हटलं, शोधतेय.