सतराशे त्र्याऐंशीचा निळा झगा

११ जानेवारी
डावी बाही उलटी लागली. सकाळभर शिवलं, जेवणाआधी सगळं उसवलं. बाहेर बर्फ. दाराशी कुणी फिरकलं नाही.

१५ जानेवारी
ओडेसाचा फोन. काय करतेस म्हणाली, तर सांगून टाकलं — बंदरावरच्या उन्हाळी जत्रेत जुन्या काळचे कपडे घालून मंडळी उभी राहतात, त्यात मी नाव दिलंय. झगा हातानेच शिवायचा, मशीन चालत नाही.

मग म्हणाली, "लव्हीना, गुलामीतल्या त्या कपड्यांतून बाहेर पडायला आपल्या माणसांच्या पिढ्या गेल्या. आणि तू हौसेनं परत आत शिरतेस?"

मी म्हटलं, सतराशे त्र्याऐंशीत आपली काळी माणसं इंग्रजांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर उतरली ती गुलामीतून मोकळी होऊन उतरली. त्या बायकांच्या अंगावर काहीतरी असेलच ना?

"गोऱ्यांची करमणूक होईल, दुसरं काय." फोन ठेवला. मोठी बहीण — शेवटचा शब्द तिचाच.

२ फेब्रुवारी
फोन नाही. चर्चमध्ये लांबून मान हलवली, तेवढंच.

२० फेब्रुवारी
मंडळींची बैठक. काळी अशी मी एकटीच. माणसं चांगली आहेत — तेच अवघड. कॉरीन सगळं बघते. तिने घेर उलटा करून पाहिला. "अगं, हे टाके हातचे? मशीन झक मारेल!" बाकीच्या गोळा झाल्या. खोटं कशाला, सुखावले.

मग जत्रेत कुणी कुठे उभं राहायचं, त्या जागा वाटल्या. मला स्वयंपाकघर. चुलीपाशी, हातात डाव.

मी म्हटलं, हा मोलकरणीचा झगा नाही. ही बाई स्वतंत्र आहे, शिवणकामावर पोट भरते.

कॉरीनने दंडावर थोपटलं. "बघणाऱ्यांना एवढं कुठे कळतं गं? शिवाय बंदरावरच्या वाऱ्यात तिथे ऊब असते." सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येताना पेट्रोल पंपाच्या वळणापर्यंत ते हसू तोंडावर तसंच होतं.

५ मार्च
पाठीचं माप एकटीला घेता येत नाही. दोन आरशांच्या मध्ये उभी राहिले, टाचणी खांद्यात घुसली. हे काम एकट्या बाईचं नव्हेच. त्या काळच्या बायकांना कुणीतरी असणार — शेजारीण, बहीण. फोन हातात घेतला. ठेवला. कालचं सूप गार तसंच प्यायले.

२२ एप्रिल
झगा झाला. घालून घरभर फिरले. कुणाला दाखवू? पोस्टमन पार्सल घेऊन आला तेव्हा मुद्दाम तसंच दार उघडलं.

"सही इथे," म्हणाला.

१९ जून
कॉरीनचा फोन. "तुझ्यासाठी स्वयंपाकघरातली पांढरी टोपी काढून ठेवलीय."

मी येत नाही म्हटलं.

"रागावलीस? आम्ही तर तुला किती…" आवाज खरंच दुखावलेला होता. मला काय लागलं, ते विचारलं नाही. उद्याची जत्रा माझ्यावाचून होईल. झगा दारामागे टांगलाय.

२१ जून, रविवार
झगा घालून चर्चला गेले. आत शिरले तशा माना वळल्या. ओडेसाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मांडीवरची पर्स उचलली आणि बाकावर सरकली.

प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना तिने माझी बाही चिमटीत धरली. कानाशी आली.

"मला निळा नको. लाल शीव."