दोन मीटर चौदा सेंटिमीटर

८ ऑगस्ट, मंगळवार

नगरपालिकेच्या नियोजन विभागाचे पत्र आले. 'आपल्या घराखाली विनापरवाना राहती खोली आढळली आहे. ती पाडण्याचा आदेश का देऊ नये, याचा लेखी खुलासा करावा.' वाचून घाबरलो. हे इथे नमूद करतो. अन्यत्र कोणाला सांगणार नाही.

'आढळली'! मीच दाखवली ती. जूनमध्ये विभागाने रहिवाशांना पूरपातळीचा दाखला विनामूल्य देऊ केला. अर्जात घराचा कच्चा नकाशा मागितला होता. लोक तिथे एक चौकोन काढून मोकळे होतात. मी एकतीस वर्षे पाणीपुरवठा खात्यात आरेखक होतो. मला नुसता चौकोन काढता येत नाही. एकास शंभर प्रमाणात, उंचीसकट, प्रत्येक खोलीचे नाव घालून नकाशा जोडला. घर उंच लाकडी खांबांवर उभे आहे; खाली त्या खांबांच्या मध्ये भिंती घालून केलेल्या खोलीवर लिहिले — 'ग्वेंडाची शयनखोली. उंची २.१४ मी.'

माझी पत्नी ग्वेंडा मे महिन्यातच वारली होती. तरीही तसे लिहिले.

९ ऑगस्ट, बुधवार

शेजारच्या कोस्टाला पत्र दाखवले. गेल्या वर्षी मार्चमध्ये ग्वेंडाला घराच्या सोळा पायऱ्या चढवेनात, तेव्हा खाली खोली बांधायला तोच मदतीला आला होता.

"नकाशा काढलास? आकडे घालून?"

अर्जात मागितला होता, असे मी म्हणालो.

"अरे देवा! साहेब, अख्ख्या गल्लीने घराखाली भिंती घातल्यात. कुणी विचारलं की सगळे सांगतात, गवत कापायचं यंत्र ठेवतो. यंत्राच्या जागी बायकोचं नाव लिहिणारा तूच पहिला!"

बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला. "माफ कर रे. तोंडाला कुलूप नाही माझ्या."

१० ऑगस्ट

खोली मोजली. दोन मीटर चौदा. पुन्हा मोजली. तेवढीच!

११ ऑगस्ट, शुक्रवार

नियमावली मागवून वाचली. राहत्या खोलीची उंची किमान दोन मीटर चाळीस हवी — हवा खेळावी म्हणून. जमिनीलगतची खोली ओलीपासून सुरक्षित हवी — श्वसनाच्या विकारांचा धोका असतो म्हणून.

ग्वेंडा छातीच्या विकाराने गेली.

 खोली पाडतील ही भीती मोठी आहे. पण मी तिला जिथे ठेवले त्या जागेनेच तिला नेले असेल तर? कोणी मोजणारा आला, तर ते आकड्यांत सिद्ध होईल. ती एकदा म्हणाली होती, "इथे जरा गार वाटतं, अ‍ॅलिस्टर, पण बाग दिसते." मी वाक्याचा उत्तरार्ध तेवढा ऐकला.

१५ ऑगस्ट, मंगळवार

टाय बांधून विभागात गेलो.  खिडकीपाशी तालिया फोनोती नावाच्या अधिकारी होत्या. वय तिशीचे असेल. खरडपट्टीची तयारी ठेवली होती. त्या खुर्ची घेऊन खिडकीच्या अलीकडे आल्या आणि शेजारी बसल्या. तेव्हा अधिकच भीती वाटली!

"इतका सुंदर नकाशा इथे कोणी आणत नाही हो, मिस्टर प्रुइट. आम्ही तो सगळ्यांना दाखवला."

"आणि मग पत्र पाठवलेत."

"मग पाठवावंच लागलं." त्यांनी आवाज खाली घेतला. "हे बघा, उंचीचा नियम राहत्या खोलीला. सामानाच्या खोलीला नाही. नकाशावर नाव चुकून पडलं असेल, तर दुरुस्ती देता येते. इथे कुणी झोपत नव्हतं, एवढं लिहून सही करायची. भिंती राहतील."

"आणि चुकून पडले नसेल तर?"

"तर निरीक्षक येणार. उंची, हवा, ओल — सगळं मोजणार. आणि उंचीवरच खोली जाणार."

मी विचारले, अशा खोलीत राहून आजारी माणसाची प्रकृती बिघडते का? प्रश्न मला वाटला त्यापेक्षा मोठ्याने बाहेर पडला. त्यांनी खुर्ची थोडी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "ते मला कसं सांगता येईल? माझी आजीही खालीच राहायची. वर चढवणार कसं तिला?"

१६ ऑगस्ट, बुधवार

कोस्टा खोकी घेऊन हजर. "माझं यंत्रही ठेव. जुनं आहे, शोभून दिसेल!" दोघांनी पलंग वर नेला. फरशीच्या आच्छादनावर चार पायांचे चार खळगे राहिले.

खुलासा लिहिला : 'सदर जागेत कोणीही, कधीही निवास केलेला नाही.' वाक्यरचना निर्दोष आहे. सही केली की कोणी मोजायला येणार नाही. हे मनात आले आणि सुटल्यासारखे वाटले — त्याची लाज कुठे ठेवू?

१७ ऑगस्ट

सही केली नाही.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

दुसरा खुलासा नेऊन दिला. 'नकाशा बरोबर आहे. माझी पत्नी ग्वेंडा या खोलीत चौदा महिने राहिली आणि येथेच वारली. ओलीचा विचार मी करावयास हवा होता.'

तालियाबाईंनी दोनदा वाचले. "मिस्टर प्रुइट, यावर शिक्का पडला की मला काही करता येणार नाही."

शिक्का मारा, म्हणालो.  खिडकीची कड धरून उभा राहिलो.

कोस्टा तणतणला. "फुकटची खोली घालवलीस! काय मिळवलंस?" 

२४ ऑगस्ट, गुरुवार

निरीक्षक आले. धिप्पाड, अबोल. उंची दोन मिनिटांत झाली. मग पिशवीतून ओल मोजायचे छोटे यंत्र काढून भिंतीला टेकवत राहिले — पलंगाच्या बाजूला, खाली, कोपऱ्यांत.  आकडे विचारण्याचे धैर्य झाले नाही. मी बागेत जाऊन पाठमोरा उभा राहिलो. जाताना एवढेच म्हणाले, "तालियानं सांगितलं होतं, सगळीकडे नीट बघ म्हणून."

४ सप्टेंबर, सोमवार

आदेश आला. उंची अपुरी, भिंती साठ दिवसांत उतरवाव्यात. खाली आणखी एक ओळ आहे, जिची आदेशाला काहीच गरज नव्हती : 'जमीन व भिंती एकोणीस ठिकाणी तपासल्या. ओल आढळली नाही. दोन्ही खिडक्यांतून हवा पुरेशी येते.'